आधी ऊन, मग वीज

मराठी घरातल्या गरम पाण्याची वर्षातली खरी परीक्षा नरक चतुर्दशीच्या पहाटे होते. एरवी न्हाणीघराचा वापर सकाळभर विखुरलेला असतो. कोणी सहाला, कोणी आठला, मुलं शाळेच्या घाईत, आजोबा सगळ्यांचं आटपल्यावर. एक गीझर एवढ्यांना पुरतो, कारण दोन आंघोळींच्या मधल्या वेळात तो पुन्हा तापून घेतो. अभ्यंगस्नान मात्र सगळ्यांनी सूर्योदयाआधी उरकायचं. अंगाला तेल चोपडलेलं, त्यावर उटणं. ते एका बादलीत निघत नाही. शिवाय दिवाळीला घरात माणसं वाढलेली.

हिशोब मांडून पाहू. माणसं सात, प्रत्येकाला वीस लिटरच्या दोन बादल्या. म्हणजे २८० लिटर पाणी, ४० अंशांचं. ऑक्टोबरच्या पहाटे नळाला येणारं पाणी २४ अंशांचं धरलं तर प्रत्येक लिटर १६ अंशांनी तापवायला हवं. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते, आणि विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. २८० गुणिले १६ म्हणजे ४,४८० किलोकॅलरी, सव्वापाच युनिटं. बिलाच्या दृष्टीने हा आकडा घाबरवणारा नाही. अडचण वेळेची आहे. घरगुती गीझर बहुधा २ किलोवॉटचा असतो आणि तो तासाला १,७२० किलोकॅलरीच देऊ शकतो. २५ लिटरचा गीझर आदल्या रात्रीच ६० अंशांना तापवून ठेवला, तरी त्यात जमा झालेली उष्णता ९०० किलोकॅलरी. उरलेल्या ३,५८० साठी दोन तासांहून जास्त वेळ लागणार. साडेचारला पहिली आंघोळ सुरू झाली तर शेवटचा माणूस कारीट फोडेपर्यंत चांगलं उजाडलेलं असतं.

तसाच दुसरा गीझर शेजारी बसवला आणि दोन्ही तापवून ठेवले, तर जमा शिल्लक १,८०० आणि तापवण्याचा वेगही दुप्पट. उरलेलं काम पाऊण तासात होतं. म्हणजे गीझर दुप्पट केले आणि थांबणं निम्म्याहूनही कमी झालं. हे गणित पटलं की लोक दुकानात जातात. दुसरा गीझर आणणं सोपं असतं. तो पहिल्याला जोडायचा कसा, इथे गाडं अडतं.

एका घरात पाणी तापवण्याच्या दोन जागा असणं ही काही फ्लॅटसंस्कृतीची देणगी नव्हे. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी आज शोभेच्या वस्तूंसाठी ओळखली जाते, पण तिथल्या कारागिरांच्या हातांनी घडलेले तांब्याचे बंब एके काळी वाड्यावाड्यांत होते. मधोमध उभं नळकांडं, त्यात जाळ, भोवती पाणी. काही बंबांची घडण अशी की वरच्या नरसाळ्यातून थंड पाणी ओतलं की ते तळाशी जायचं आणि तेवढंच गरम पाणी वरच्या अंगाच्या तोटीतून बाहेर पडायचं. आजच्या साठवणीच्या गीझरचं तत्त्व याहून वेगळं नाही. थंड पाणी खालून आत शिरतं, गरम पाणी हलकं असल्यामुळे वर तरंगतं, आणि नळ सोडला की खालचं थंड पाणी वरच्या गरमाला बाहेर ढकलतं. गीझरमधून पाणी ‘ओढलं’ जात नाही, ढकललं जातं. ही गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढचं पुष्कळसं आपोआप उलगडतं.

आणि बंबाच्याही आधी चूल होती. चुलीला लागून वैल होता. मुख्य जाळ चुलीत. तिथून निसटलेली आच आतल्या भोकातून वैलाखाली जायची. वैलावर फोडणी होत नाही, भाकरी भाजत नाही. पण त्यावर ठेवलेलं पाणी स्वयंपाक होईतो फुकटात कोमट होतं. हे कोमट पाणी बंबात ओतलं तर बंबाला जळण कमी लागतं. याच्या उलट, बंबातलं कढत पाणी वैलावर नेऊन ठेवायचं कोणाच्या डोक्यात येणार नाही, कारण मंद आच कढत पाण्याला आणखी काय तापवणार? दोन पाणीतापक जोडण्याचं मर्म या वैलात आहे. पाइप, कोपर, टी, कॉक हे सगळं त्यानंतरचं. आधी ठरवायचं ते हे, की दोघांत पहिला कोण.

दोन्ही गीझर सारखे असतील तर हा प्रश्न पडतच नाही. सारख्यांमध्ये ज्येष्ठ-कनिष्ठ कसलं? तिथे शाळेच्या विज्ञानात विजेच्या रोधांसाठी शिकलेली समांतर जोडणी वापरायची. प्लंबर तिला ‘टी मारून’ म्हणतात. थंड पाण्याच्या नळीला टी, तिच्यातून दोन फाटे दोन गीझरना. दोन्हींचं गरम पाणी पुन्हा एका टीत एकत्र. कागदावर इतकं सोपं. भिंतीत मात्र जागेच्या सोयीने एक गीझर टीपासून हातभर अंतरावर बसतो आणि दुसरा माळ्याच्या पलीकडे, तीन वळणं घेऊन. पाणी सोपी वाट धरतं. जवळच्या गीझरमधून धो धो वाहतं, लांबच्यातून नुसतं झिरपतं. जवळचा रिकामा होऊन थंड पाणी सोडू लागतो तेव्हा लांबच्यात अजून भरपूर गरम पाणी असतं, पण नळाला दोन्हींचं मिश्रण येतं आणि ते कोमट असतं. घरमालक म्हणतो, दोन गीझर असून काही उपयोग नाही.

याला उपाय दोन. एक, दोन्ही फाटे सारख्या लांबीचे, सारख्या जाडीचे आणि सारख्या वळणांचे ठेवायचे. दुसरा उपाय मला जास्त आवडतो, कारण त्यात हुशारी आहे. थंड पाणी ज्या गीझरला आधी पोचतं, त्याचं गरम पाणी शेवटी गोळा करायचं. म्हणजे थंडाची वाट पहिल्या गीझरला जवळची, दुसऱ्याला लांबची. आणि गरमाची वाट पहिल्याला लांबची, दुसऱ्याला जवळची. एकूण प्रवास दोघांचाही सारखा. दोन-तीन फूट पाइप जास्त लागतो एवढंच. अमेरिकेत मोठ्या घरांच्या तळघरात ५० गॅलनच्या, म्हणजे जवळजवळ १९० लिटरच्या दोन टाक्या शेजारी शेजारी उभ्या असतात, तिथे ही रीत रुळलेली आहे. आपल्याकडे होमस्टे, छोटी वसतिगृहं आणि तीन पिढ्या नांदणारे बंगले यांना तिचा उपयोग आहे.

सारखे गीझर ‘एकातून दुसऱ्यात’, म्हणजे एकसर, जोडले तरी चालतात. त्याचा एक फायदा खरा आहे: नळाचं पाणी बराच वेळ एकसारखं गरम राहतं, कारण थंडाचा धक्का पहिला गीझर सोसतो आणि दुसऱ्यात तापलेलंच पाणी जातं. पण मग पहिल्याची कॉईल सतत राबते, बोअरच्या पाण्याचे क्षार बरेचसे त्याच्यातच साचतात, आणि दुसरा बहुतेक वेळ आरामात. पहिला लवकर मरतो आणि मरताना वाट अडवून मरतो, कारण सगळं पाणी त्याच्यातूनच जात असतं. समांतर जोडणीत एक बिघडला तर त्याचे कॉक बंद करून दुसऱ्यावर आंघोळी चालू ठेवता येतात. त्यासाठी प्रत्येक गीझरला येताना आणि जाताना स्वतंत्र कॉक हवा. हा खर्च वाचवणारे पुढे सणाच्या दिवशी अख्ख्या घराचं पाणी बंद करून बसतात.

विजेचंही बघायला हवं. २ किलोवॉटचा गीझर २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअर खेचतो, दोन मिळून साडेसतराच्या आसपास. एका १६ अँपिअरच्या वायरीवर दोन्ही टाकले तर एमसीबी तरी पडेल किंवा वायर तरी तापेल. प्रत्येकाला मुख्य बोर्डापासून वेगळी वायर, वेगळा एमसीबी आणि गळती ओळखून वीज तोडणारं यंत्र हवंच. पूर्वीच्या इमारतींत हे करायला भिंत फोडावी लागते, म्हणून करत नाहीत. मग उरतो एकच मार्ग: एका वेळी एकच गीझर चालेल असा चेंजओव्हर खटका. तो लावला की साठा दुप्पट होतो, पण तापवण्याचा वेग तेवढाच राहतो. अभ्यंगस्नानाचं आपलं गणित अर्धंच सुटतं, पण सुटतं.

सारख्यांचं एवढं पुरे. महाराष्ट्रात आज जे दोन पाणीतापक खरोखर शेजार करून राहतात, ते सारखे नाहीत. एक गच्चीवर आहे, दुसरा न्हाणीघरात. पुण्यात, कोल्हापुरात, नाशकात कुठल्याही उंच इमारतीवरून खाली पाहा; गच्च्यांवर काचेच्या नळ्यांच्या किंवा काळ्या पत्र्याच्या पॅनलांच्या रांगा दिसतात आणि प्रत्येक रांगेच्या डोक्यावर आडवी टाकी. पुणे महापालिका सौर पाणीतापक, गांडूळखत, पावसाचं पाणी साठवणं असे प्रकल्प चालवणाऱ्या मिळकतींना करात ५ ते १० टक्के सवलत देत आली आहे. तेव्हा सोलर गच्चीवर आहे. तो खालच्या गीझरला नीट जोडलेला आहे का, हे मात्र करसवलत बघत नाही.

हे यंत्र जुनं आहे. १८९१ साली बाल्टिमोरच्या क्लॅरन्स केम्प याने काळ्या रंगाच्या टाक्या काच लावलेल्या पेटीत ठेवून त्याचं पेटंट घेतलं. दिवसा पाणी उत्तम तापायचं आणि रात्री त्याच काचेतून गार व्हायचं. संध्याकाळी आंघोळ करणाऱ्यांची सोय झाली, पहाटे उठणाऱ्यांची नाही. १९०९ मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम बेली याने तापवण्याची जागा आणि साठवण्याची जागा वेगळी केली: ऊन झेलणाऱ्या नळ्या खाली, आणि ऊब धरून ठेवणारी वेष्टण घातलेली टाकी वर. तापलेलं पाणी हलकं होऊन आपण होऊन टाकीत चढतं, थंड पाणी खाली उतरतं. पंप लागत नाही. आपल्या गच्चीवरची आडवी टाकी ही बेलीच्या याच कल्पनेची नात. सूर्योदयाआधीच्या स्नानाला कालचं ऊन वापरता येतं ते तिच्यामुळे.

आता पुन्हा आपली सात माणसं. गच्चीवर २०० लिटरचा सोलर आहे. अशा सोलरला सर्वसाधारणपणे चार चौरस मीटर सपाट पॅनल लागतं. ऑक्टोबरचं ऊन कडक असतं. संध्याकाळी टाकीत ५५ अंशांचं पाणी असेल तर पहाटे ते ५० च्या घरात असू शकतं. १४ बादल्यांसाठी त्यातलं १७२ लिटर लागेल, बाकी थंड. म्हणजे भागतं, पण जेमतेम. आणि आदल्या दिवशी परतीचा पाऊस झाला असेल तर टाकीत ३५ अंशांचं पाणी. अंगावर घेतलं तर शहारा येतो, पण नळाच्या पाण्यापेक्षा ११ अंश वर. या ११ अंशांचं काय करायचं, हा दोन तापकांच्या जोडणीतला कळीचा मुद्दा आहे.

बहुतेक घरांत ते वाया जातात. न्हाणीघरात सोलरची लाइन असते, गीझरची लाइन असते. दोन्ही गरम, तेव्हा दोन्ही एका टीत आणून मिक्सरला दिल्या की झालं, असं प्लंबरला वाटतं आणि घरमालकालाही. म्हणजे न सारख्यांची समांतर जोडणी. आता काय होतं बघा. ऊन पडलेलं आहे, सोलरचं पाणी ६० अंशांचं आहे, म्हणून गीझर बंद. नळ सोडला. पाण्याला दोन वाटा आहेत: एक गच्चीवरच्या टाकीतून गरम, दुसरी बंद पडलेल्या गीझरमधून थंड. गीझर बंद आहे म्हणजे त्याची वीज बंद आहे. त्यातून पाणी वाहायचं थांबलेलं नाही. निम्मं पाणी इकडून, निम्मं तिकडून आलं तर नळाला ४२ अंश. त्यात मिक्सरने आणखी थंड मिसळलं की संपलंच. घरातले म्हणतात सोलर तापतच नाही. सोलरवाला येतो, गच्चीवर टाकीचं पाणी हाताला चटका देतं, तो म्हणतो आमचं काम चोख आहे. दोघंही खरं बोलत असतात.

याहून वाईटही घडतं. सोलरची साधी टाकी उघड्या व्हेंटची असते. तिच्यावर जेवढी उंची तेवढाच दाब. थंड पाण्याच्या लाइनला दाबाचा पंप बसवलेला असेल तर थंड पाणी गीझरमधून टीपाशी येतं आणि नळाकडे जाण्याबरोबर उलटं सोलरच्या लाइनमध्येही चढतं. गच्चीवरच्या टाकीतलं गरम पाणी वरच्या व्हेंटमधून बाहेर सांडतं. सकाळी गच्चीवर ओलं दिसतं आणि सगळे पहिल्यांदा पावसावर संशय घेतात. एक एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेला जाऊ देणारा व्हॉल्व्ह, बसवला की हे थांबतं. पण तोही बघून घ्यावा लागतो. स्प्रिंगचा एनआरव्ही उघडायलाच थोडा दाब खातो, आणि वरच्या मजल्यावर सोलरचा दाब मुळातच तुटपुंजा. तिथे झडप हलकेच झुलणारा प्रकार बरा.

खरी दुरुस्ती मात्र एनआरव्हीने होत नाही, ती क्रम बदलल्याने होते. सोलरचं पाणी मिक्सरला न देता गीझरच्या थंड पाण्याच्या तोंडाला द्यायचं. झाली एकसर जोडणी: आधी ऊन, मग वीज. टाकीतलं पाणी ६० अंशांचं असेल तर गीझर बंद ठेवायचा, पाणी त्याच्यातून नुसतं पुढे जाईल. फक्त गीझरमध्ये रात्रभर गार झालेलं पंधरा-पंचवीस लिटर पाणी आधी बाहेर पडतं. ते बादलीत धरून धुण्याला वापरावं. टाकीतलं पाणी ३५ अंशांचं असेल तर गीझर लावायचा, आणि इथे त्या ११ अंशांची किंमत वसूल होते. २५ लिटर पाणी २४ वरून ६० ला न्यायला एक युनिटाहून थोडं जास्त आणि अर्धा तास लागत होता. ३५ पासून सुरुवात केली तर पाऊण युनिटाला थोडं कमी आणि बावीस मिनिटं. जून ते सप्टेंबर बहुतेक लोक सोलर ‘बंद’ धरतात. वास्तविक ढगाळ दिवसांतही पाणी काही अंशांनी तापतच असतं. समांतर जोडणीत ही ऊब कोणाच्या कामाची नसते, एकसर जोडणीत ती रोज बिलातून वजा होते.

हे उलट का करायचं नाही, म्हणजे गीझरने तापवलेलं पाणी उन्हाला का द्यायचं नाही, त्याला कारण आहे. पॅनलमधलं पाणी जितकं थंड तितकं ते ऊन जास्त पकडतं. पाणी तापत गेलं की पॅनल स्वतःच हवेत उष्णता सोडू लागतं, आणि मिळकतीतला मोठा वाटा तिथेच जातो. दुबळ्या तापकाला थंड पाणी हवं. विजेच्या कॉईलला त्याचं सोयरसुतक नसतं; ती २४ अंशांच्या पाण्यालाही तेवढीच उष्णता देते आणि ५० च्या पाण्यालाही. म्हणून स्वस्त आणि दुबळा तो पहिला, महाग आणि बळकट तो शेवटी.

हे ऐकून काही जण म्हणतील, सोलरच्या टाकीतच विजेची कॉईल बसवून मिळते की. मिळते, आणि माझं तिच्याशी पटत नाही. एक तर ती दोनशेच्या दोनशे लिटरना तापवायला निघते. वीस अंश चढवायचे तर ४,००० किलोकॅलरी, म्हणजे साडेचार युनिटांहून जास्त. घरात लागणार असतात चार बादल्या. दुसरं, पाऊस आहे म्हणून रात्री कोणी खटका दाबतं आणि सकाळी विसरतं. दुपारी ऊन पडतं तेव्हा टाकी आधीच तापलेली असते, उन्हाला करायला काम उरत नाही. कॉईल लावायचीच तर टायमरवर, पहाटेच्या दोन तासांपुरती, आणि टाकीच्या वरच्या भागात. न्हाणीघरातला पंधरा लिटरचा गीझर हे काम जास्त शहाणपणाने करतो, कारण तो गरजेपुरतंच तापवतो.

एकसर जोडणीत जपायच्या गोष्टीही आहेत. एप्रिल-मे महिन्यांत काचेच्या नळ्यांच्या सोलरमधलं पाणी ८० अंशांपर्यंत जाऊ शकतं. ते गीझरमध्ये शिरणार असेल तर गीझर त्यासाठी योग्य आहे का, हे त्याच्या पत्रकात बघावं. तीन कॉकांचा बायपास ठेवला तर उन्हाळ्यात गीझरला पूर्ण बाजूला ठेवून पाणी थेट मिक्सरला देता येतं. गीझर दुरुस्तीला गेला तरी आंघोळी अडत नाहीत. एक मात्र: बायपासचा कॉक उघडा आणि गीझरचेही कॉक उघडे, असं राहिलं की पुन्हा तीच समांतर जोडणी तयार होते, तेच कोमट पाणी. कॉकांना रंग देऊन ठेवावा. गॅस गीझरच्या बाबतीत जास्त सावध राहायला हवं; त्यातले बरेचसे थंड पाणी येणार हे गृहीत धरून बनवलेले असतात. आणि बंद न्हाणीघरात गॅस गीझर ठेवूच नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि बंद दाराआड त्याने माणसं दगावली आहेत.

इमारतींत हे प्रकरण आणखी गुंतागुंतीचं होतं, कारण गच्चीवरची टाकी सगळ्यांची आणि खालचा गीझर ज्याचा त्याचा. सोसायटीच्या सभेत ‘पहाटे गरम पाणी येत नाही’ हा विषय निघतो तेव्हा बहुतेक वेळा दोष टाकीत नसतो, कुठल्या तरी एका न्हाणीघरातल्या मिक्सरमध्ये असतो. मिक्सरच्या गरम आणि थंड अशा दोन्ही बाजू उघड्या ठेवून हँड शॉवर पुढच्या बटणाने बंद केला की आत दोन्ही लाइन जोडल्या जातात. जिचा दाब जास्त तिचं पाणी दुसरीत घुसतं. थंडाचा दाब बहुधा जास्त. मग चौथ्या मजल्यावरच्या एका बटणामुळे तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या गरम नळाला थंड पाणी. प्रत्येक फ्लॅटच्या गरम लाइनला आत येतानाच एनआरव्ही लावला तर हा झगडा मिटतो, पण नियम सगळ्यांनी पाळायचा असतो आणि एनआरव्ही भिंतीत असतो, दिसत नाही. सभा लांबत जाते.

दुसरा वाद पाइपात अडकलेल्या पाण्याचा. पाऊण इंची नळीत दर मीटरला पाव लिटरहून थोडं जास्त पाणी मावतं. गच्चीपासून खालच्या मजल्याच्या न्हाणीघरापर्यंत तीस मीटर नळी असेल तर साडेआठ लिटर. रात्रीत ते गार होतं, आणि पहाटे सोलरचं गरम पाणी पोचेपर्यंत जवळजवळ अर्धी बादली मोरीत जाते. प्रत्येक घरात, रोज. परतीची लाइन टाकून छोट्या पंपाने पाणी फिरतं ठेवणं हा उपाय, पण तो पंप रात्रंदिवस चालवला तर नळ्यांमधून टाकीची ऊब निघून जाते. पहाटे पाच ते आठ पुरेसं असतं. खालच्या घरात सोलरनंतर गीझर एकसर जोडलेला असेल तर ही तक्रार बरीच बोथट होते, कारण पाइपातलं गार पाणी गीझरमध्ये शिरतं आणि तापलेलं पुढे येतं. पाणी वाचतं, थोडी वीज जाते. टँकरवर जगणाऱ्या सोसायट्यांना हा सौदा परवडतो.

सुरक्षेचं सगळ्यात कमी बोललं जातं. पाणी तापलं की फुगतं. २० अंशांवरून ६० ला गेलं की दीड टक्का. २५ लिटरच्या गीझरमध्ये जवळजवळ पावणेचारशे मिलिलिटर. साध्या जोडणीत हे वाढलेलं पाणी आल्या वाटेने मागे सरकतं. पण मागे एनआरव्ही बसवला की ती वाट बंद. पाणी दाबलं जात नाही, दाब चढतो, आणि गीझरच्या खालचा सेफ्टी व्हॉल्व्ह टपटप गळू लागतो. तो बिघडला म्हणून गळत नाही, त्याचं काम करतो म्हणून गळतो. वैतागून कोणी त्याला प्लग मारतं. यासारखं धोक्याचं काम दुसरं नाही. थर्मोस्टॅट चिकटला तर दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. टाकी फुटली की त्यातलं काही पाणी क्षणात वाफ होतं, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशेपटींहून जास्त जागा लागते. दोन गीझर असले तर दोघांना स्वतंत्र सेफ्टी व्हॉल्व्ह हवा, त्याच्या आणि गीझरच्या मध्ये कॉक नको, आणि त्याच्या गळतीला मोरीपर्यंत बारीक नळी. एवढं केलं की टपटप दिसते आणि त्रास होत नाही.

शेवटचा तापक ६० अंशांवर ठेवावा, याला आंघोळीपलीकडचंही कारण आहे. १९७६ साली फिलाडेल्फियाच्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन झालं आणि त्यानंतर अनेकांना न्यूमोनिया होऊन काही जण दगावले. त्यामागच्या जंतूला पुढे लेजिओनेला नाव मिळालं. तो कोमट पाण्यात वाढतो, ६० अंशांना काही मिनिटांत मरतो, आणि पिण्यातून नव्हे तर शॉवरच्या तुषारांसारख्या बारीक थेंबांतून श्वासात जातो. पावसाळ्यात सोलरच्या टाकीत आठवडाभर ३५-४० अंशांचं पाणी राहिलं तर ते त्याला मानवणारं असतं. ते पाणी नंतर गीझरमध्ये ६० ला तापून बाहेर पडलं की धोका बराच कमी होतो. अर्थात ६० अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत कातडी गंभीर भाजू शकतं. म्हणून बादलीत आधी थंड आणि मग गरम, हा आजीचा दंडक मोडू नये. शॉवरवाल्या घरांत तापमान आपोआप राखणारा मिक्सर बसवता आला तर उत्तम.

नळ्यांबद्दल थोडक्यात. गरम लाइनला साधी पीव्हीसी चालत नाही, वाकते. सीपीव्हीसी चालते, पण ८२ अंशांच्या पुढे दाबाखाली तिचा भरवसा नाही. उन्हाळ्यातल्या सोलरच्या तोंडाशी निदान पहिले काही फूट धातूचे घालावेत. धातूतही तांबं आणि जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड थेट जोडलं की पाण्यात लोखंड झिजत जातं. मध्ये पितळी युनियन किंवा वीज न वाहणारा जोड घालतात. बोअरचं पाणी जड असेल तर सपाट पॅनलमधल्या बारीक तांब्याच्या नळ्या क्षारांनी तुंबतात. अशा ठिकाणी काचेच्या नळ्यांचा सोलर बरा, कारण त्या रुंद असतात आणि साफ करता येतात. गीझरमध्ये मॅग्नेशियमची कांडी असते, ती टाकीऐवजी स्वतः गंजते. दर दोनेक वर्षांनी ती बघायला सांगावी. न सांगता कोणी बघत नाही.

आणि प्लंबर टाइलवाल्याला जागा करून देण्याआधी मोबाइलवर उघड्या भिंतीचा फोटो काढून ठेवावा, मोजपट्टी शेजारी धरून. कोणती नळी सोलरची, कोणती गीझरची, एनआरव्ही कुठल्या उंचीवर, हे पाच वर्षांनी कोणालाच आठवत नाही, आणि तोवर प्लंबरचा नंबरही बदललेला असतो. जोड गळला तर फोटोवरून नेमकी एक टाइल फोडता येते. तिच्या जोडीची टाइल बाजारात मिळणार नाही, म्हणून डझनभर जादा टाइल माळ्यावर टाकून ठेवाव्यात.